कॅनडाच्या हक्कांच्या सनदेतील कलम ३३: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कॅनडात स्थायिक झालेल्या, तेथे शिकणाऱ्या किंवा तेथे जाण्याच्या तयारीत असलेल्या मराठी वाचकांकडून येणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. येथील माहिती जानेवारी २०२६ पर्यंतच्या घडामोडींवर आधारलेली आहे. ती सर्वसाधारण समजुतीसाठी असून, स्वतःच्या प्रकरणात निर्णय घेण्यापूर्वी कॅनडात परवाना असलेल्या वकिलाचा सल्ला घेणे आवश्यक आहे.

कलम ३३ नेमके काय सांगते?

कॅनडाची ‘हक्क आणि स्वातंत्र्यांची सनद’ १७ एप्रिल १९८२ रोजी अमलात आली. संसदेने किंवा प्रांतिक विधिमंडळाने केलेला कायदा या सनदेशी विसंगत असेल, तर न्यायालय तो रद्दबातल ठरवू शकते. कलम ३३ हा या नियमाला सनदेतच ठेवलेला अपवाद आहे. एखादा कायदा सनदेच्या कलम २ मध्ये किंवा ७ ते १५ या कलमांमध्ये काहीही म्हटलेले असले तरी लागू राहील, असे स्पष्ट शब्दांत घोषित करण्याचा अधिकार ते विधिमंडळांना देते. तशी घोषणा झाली की त्या हक्कांचा भंग होतो या कारणावरून कायद्याची अंमलबजावणी थांबत नाही. घोषणेची मुदत जास्तीत जास्त पाच वर्षांची असते आणि मुदत संपल्यावर विधिमंडळ ती पुन्हा करू शकते. नूतनीकरण किती वेळा करावे यावर मर्यादा घातलेली नाही.

इंग्रजीत या तरतुदीला ‘नॉटविथस्टँडिंग क्लॉज’ म्हणतात. पुढील उत्तरांत तिचा उल्लेख ‘कलम ३३’ असाच केला आहे.

हक्क द्यायचे आणि ते बाजूला सारण्याची सोयही ठेवायची, असे का केले?

कारण त्या तडजोडीशिवाय १९८२ चे संविधान त्या वेळी मंजूरच झाले नसते. १९८२ पर्यंत कॅनडाच्या मूळ संविधानात बदल करायचा तर ब्रिटिश संसदेकडे जावे लागत असे. पंतप्रधान पिअर ट्रुडो यांना ते परावलंबित्व संपवायचे होते आणि त्याबरोबर हक्कांची सनदही आणायची होती. सप्टेंबर १९८१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असे मत दिले की केंद्राला कायद्याच्या दृष्टीने हे एकट्याने करता येईल, परंतु संविधानिक संकेत, म्हणजे रूढ झालेली अलिखित प्रथा, पाळायचा तर प्रांतांची भरीव संमती हवी. त्यामुळे नोव्हेंबर १९८१ मध्ये ओटावा येथे पुन्हा वाटाघाटी झाल्या.

अल्बर्टाचे मुख्यमंत्री पीटर लॉहीड आणि सस्कॅचेवानचे मुख्यमंत्री ॲलन ब्लेकनी यांचा आक्षेप तत्त्वाचा होता. लोकांनी निवडलेल्या विधिमंडळाचा निर्णय, न निवडलेल्या न्यायाधीशांनी कायमचा उलटवावा हे त्यांना मान्य नव्हते. ब्लेकनी डाव्या विचारांचे होते आणि कामगार किंवा गरीब यांच्या हिताचे कायदे न्यायालये संपत्तीच्या बाजूने मोडून काढतील अशी भीती त्या परंपरेत दीर्घकाळ होती, हे येथे लक्षात घ्यावे लागते. आज कलम ३३ चा वापर बहुतेक वेळा उजव्या बाजूची सरकारे करतात म्हणून ते मुळातच उजव्यांचे हत्यार होते असे समजणे इतिहासाला धरून नाही. केंद्रीय न्यायमंत्री जाँ क्रेत्याँ आणि सस्कॅचेवान व ओंटारिओचे महाधिवक्ते अनुक्रमे रॉय रोमानो व रॉय मॅकमर्ट्री यांच्या पुढाकाराने झालेल्या समझोत्यात हे कलम आले. क्वेबेकचे मुख्यमंत्री रेने लेव्हेक यांनी त्या समझोत्यावर सही केली नाही. संविधान क्वेबेकलाही बंधनकारक आहे, परंतु ती न झालेली सही तेथील राजकारणात आजही जिवंत प्रश्न आहे.

कोणते हक्क या कलमाच्या आवाक्याबाहेर आहेत?

मतदानाचा हक्क (कलम ३), देशात येण्याचा, राहण्याचा आणि प्रांतांतर करण्याचा हक्क (कलम ६), इंग्रजी व फ्रेंच या अधिकृत भाषांचे हक्क (कलमे १६ ते २२) आणि अल्पसंख्य भाषेतील शिक्षणाचा हक्क (कलम २३) यांना कलम ३३ स्पर्श करू शकत नाही. स्त्री-पुरुष समानतेची हमी देणारे कलम २८ देखील कलम ३३ ने बाजूला सारता येणाऱ्या कलमांच्या यादीत नाही, पण त्याला स्वतंत्र बळ किती आहे यावर वाद आहे.

आवाक्यात येणारे हक्क मात्र अतिशय मूलभूत आहेत. धर्म, विवेक, अभिव्यक्ती, शांततेने एकत्र येणे आणि संघटना करणे ही स्वातंत्र्ये कलम २ मध्ये आहेत. जीवित आणि व्यक्तिगत सुरक्षितता, मनमानी अटकेपासून संरक्षण आणि निष्पक्ष खटला हे कलम ७ ते १४ मध्ये, तर समानता कलम १५ मध्ये आहे.

हे कलम इतकी वर्षे आहे, मग चर्चा आताच का वाढली?

क्वेबेकबाहेर अनेक वर्षे या कलमाला हात लावणे राजकीयदृष्ट्या महाग मानले जात असे. क्वेबेकने मात्र १९८२ मध्येच निषेध म्हणून आपल्या सर्व कायद्यांवर एकदम ही घोषणा चिकटवली. त्यातून ‘फोर्ड’ प्रकरण उभे राहिले. दुकानांच्या पाट्या केवळ फ्रेंचमध्ये असाव्यात हा नियम अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा भंग करतो, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्ये दिला. त्याच निकालात न्यायालयाने असेही म्हटले की कलम ३३ वापरण्यासाठी विधिमंडळाने कारणे देण्याची गरज नाही, संबंधित कलमांचे क्रमांक नमूद केले तरी पुरे, मात्र घोषणा मागील तारखेपासून लागू करता येणार नाही. निकाल लागताच मुख्यमंत्री रोबेर बुरासा यांनी कलम ३३ वापरून बाहेरील पाट्यांबाबतचा नियम कायम ठेवला. आजच्या बहुतेक वादांचे मूळ ‘फोर्ड’मधील या सैल कसोटीत आहे.

२०१८ नंतर चित्र बदलले. ओंटारिओचे मुख्यमंत्री डग फोर्ड यांनी निवडणूक सुरू असतानाच टोरोंटोच्या नगर परिषदेतील जागा ४७ वरून २५ वर आणल्या आणि खालच्या न्यायालयाने ते रद्द केल्यावर कलम ३३ वापरण्याचा इशारा दिला. अपील न्यायालयाने तो निकाल स्थगित केल्यामुळे वापराची वेळ आली नाही. २०१९ मध्ये क्वेबेकने धर्मनिरपेक्षतेचा कायदा या कलमाच्या कवचाखाली आणला आणि २०२२ मध्ये फ्रेंच भाषेचा कायदा ९६ देखील तसाच आणला. २०२१ मध्ये ओंटारिओने निवडणूक खर्चाच्या कायद्यासाठी आणि २०२२ मध्ये शालेय कर्मचाऱ्यांचा संप रोखण्यासाठी त्याचा वापर केला. सोळा वर्षांखालील विद्यार्थ्याला शाळेत नाव किंवा सर्वनाम बदलायचे असल्यास पालकांची संमती सक्तीची करणारा कायदा सस्कॅचेवानने २०२३ मध्ये याच मार्गाने केला. ऑक्टोबर २०२५ मध्ये अल्बर्टाच्या डॅनिएल स्मिथ सरकारने सुमारे ५१ हजार शिक्षकांचा संप याच कलमाने संपवला आणि डिसेंबरमध्ये ट्रान्सजेंडर व्यक्तींशी संबंधित तीन कायद्यांना तेच कवच दिले.

यातील सर्वांत गंभीर बदल असा की यापैकी बरेच कायदे न्यायालयाने काही म्हणण्यापूर्वीच, जन्मतःच, कलम ३३ घेऊन येतात. न्यायालयाशी मतभेद झाल्यावर लोकप्रतिनिधींनी शेवटचा शब्द बोलणे निराळे आणि न्यायालयाला पहिला शब्दही बोलू न देणे निराळे. माझ्या मते दुसऱ्या प्रकारात १९८१ च्या तडजोडीचा हेतूच हरवतो.

क्वेबेकचा ‘कायदा २१’ काय आहे आणि त्याचा परिणाम कोणावर होतो?

जून २०१९ मध्ये संमत झालेला हा कायदा राज्यसंस्था धर्मनिरपेक्ष असल्याचे घोषित करतो. काही सरकारी पदांवरील व्यक्तींनी कामाच्या वेळी धार्मिक चिन्ह धारण करू नये, अशी बंदी तो घालतो. सरकारी शाळांतील शिक्षक व मुख्याध्यापक, पोलीस आणि सरकारी वकील ही त्यातील प्रमुख पदे आहेत. हिजाब, शिखांची पगडी, ज्यूंची किप्पा ही टोपी आणि दिसणारा क्रॉस या सर्वांना ती लागू होते. कायदा येण्यापूर्वीपासून त्या पदावर असलेल्यांना सूट आहे, पण ती त्याच पदावर राहण्यापुरती, म्हणजे बढती घेतली किंवा दुसऱ्या शिक्षण मंडळाकडे बदली मागितली की सूट जाते. ऑक्टोबर २०२५ मध्ये प्रांताने आणखी एका कायद्याने ही बंदी शाळांतील इतर कर्मचाऱ्यांपर्यंत वाढवली.

कागदावर हा नियम सर्व धर्मांना सारखाच आहे. प्रत्यक्षात त्याचा भार ज्यांच्या श्रद्धेत वेशभूषेचे बंधन आहे त्यांच्यावर, विशेषतः मुस्लिम स्त्रियांवर पडतो. डिसेंबर २०२१ मध्ये चेल्सी या गावातील प्राथमिक शाळेतून हिजाब घालणाऱ्या एका शिक्षिकेला वर्गाबाहेरचे काम देण्यात आले, तेव्हा कायद्याचा अर्थ अनेक कॅनेडियन नागरिकांना पहिल्यांदा नीट उमगला. याच प्रांतातील एका शीख विद्यार्थ्याला कपड्यांच्या आत सुरक्षितपणे शिवलेले कृपाण शाळेत नेऊ देण्याचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये ‘मुलतानी’ प्रकरणात दिला होता, तोही धर्मस्वातंत्र्याच्याच आधारे. शाळेतील विद्यार्थ्याच्या बाबतीत उघडी असलेली ती वाट शिक्षकाच्या बाबतीत कलम ३३ ने बंद केली.

न्याय्य चर्चेसाठी दुसरी बाजूही मांडली पाहिजे. क्वेबेकच्या समाजावर १९६० च्या दशकापर्यंत कॅथलिक चर्चचा, विशेषतः शिक्षण आणि आरोग्य या क्षेत्रांत, मोठा पगडा होता. तो झुगारून देण्याची आठवण तेथे ताजी आहे आणि राज्यसंस्थेचा चेहरा धर्ममुक्त असावा, ही मागणी अनेकांना परधर्मद्वेषातून नव्हे, तर त्या इतिहासातून सुचते. प्रश्न हा की त्या इतिहासाची किंमत ज्यांचा त्याच्याशी काहीही संबंध नाही अशा नवागत स्त्रियांनी आपल्या नोकरीने का चुकवावी. याचे समाधानकारक उत्तर मला कायद्याच्या समर्थकांकडून मिळालेले नाही.

या कायद्याविरुद्धच्या खटल्याची स्थिती काय आहे?

एप्रिल २०२१ मध्ये क्वेबेकच्या वरिष्ठ न्यायालयाचे न्यायाधीश मार्क-आंद्रे ब्लांशार यांनी कायदा बहुतांशी उचलून धरला, कारण ‘फोर्ड’चा निकाल त्यांच्यावर बंधनकारक होता. मात्र इंग्रजी शिक्षण मंडळांना त्यांनी कलम २३ च्या आधारे वगळले. २९ फेब्रुवारी २०२४ रोजी प्रांताच्या अपील न्यायालयाने ती सूटही काढून घेतली. दरम्यान पाच वर्षांची मुदत संपत आल्याने प्रांतिक विधिमंडळाने २०२४ मध्ये घोषणेचे नूतनीकरण केले. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अपिलाची परवानगी दिली आणि जानेवारी २०२६ मध्ये सुनावणी घेतली. न्यायमूर्ती महमूद जमाल या प्रकरणापासून स्वतःहून दूर राहिले. न्यायाधीश होण्यापूर्वी ज्या नागरी स्वातंत्र्य संघटनेचे ते पदाधिकारी होते ती या खटल्यात पक्षकार आहे, म्हणून त्यांच्या सहभागाला आक्षेप घेण्यात आला होता.

सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्र सरकारने न्यायालयासमोर मांडलेली भूमिका महत्त्वाची आहे. केंद्राने कायदा २१ च्या गुणदोषांपेक्षा कलम ३३ च्या मर्यादांवर भर दिला. एखादा हक्क पुन्हा पुन्हा बाजूला सारून प्रत्यक्षात नाहीसाच होत असेल, तर ती संविधानाची आडमार्गाने केलेली दुरुस्ती ठरते, असा हा युक्तिवाद आहे. अनेक प्रांतांनी त्याला कडाडून विरोध केला. त्यांच्या मते कलमाच्या शब्दांत नसलेल्या अटी न्यायालयाने आत घालू नयेत.

कलम ३३ वापरले की न्यायालयाचे हात पूर्णपणे बांधले जातात का?

नाही. या प्रश्नावर सध्या सर्वांत वेगाने कायदा घडत आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

पहिली वाट आवाक्याबाहेरच्या हक्कांची. ओंटारिओने निवडणुकीपूर्वीच्या राजकीय जाहिरातींवर कामगार संघटनांसारख्या त्रयस्थ संस्था किती खर्च करू शकतात यावरची मर्यादा सहा महिन्यांऐवजी बारा महिने लागू केली. अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या आधारावर न्यायालयाने ती २०२१ मध्ये रद्द केली, तेव्हा सरकारने विधिमंडळाचे खास अधिवेशन बोलावून कलम ३३ सह तीच तरतूद पुन्हा केली. संघटनांनी मग आपला युक्तिवाद मतदानाच्या हक्कावर, म्हणजे कलम ३ वर उभा केला. मतदाराला माहिती मिळण्यात एका बाजूचे पारडे अवास्तव जड होत असेल, तर मतदानाचा हक्कच पोकळ होतो, हे म्हणणे सर्वोच्च न्यायालयाने ७ मार्च २०२५ रोजी ५ विरुद्ध ४ अशा बहुमताने मान्य केले. कलम ३ ला कलम ३३ लागू पडत नसल्याने कायदा कोसळला.

दुसरी वाट घोषणात्मक निकालाची. कायदा लागू राहिला तरी त्याने हक्कांचा भंग होतो की नाही, हे न्यायालय सांगू शकते का? क्वेबेकच्या अपील न्यायालयाने त्या चर्चेत शिरण्यास नकार दिला होता. सस्कॅचेवानच्या अपील न्यायालयाने मात्र ऑगस्ट २०२५ मध्ये ४ विरुद्ध १ असा निकाल दिला की न्यायालयाला तसे सांगण्याचा अधिकार आहे.

अशा कोरड्या घोषणेने काय साधते, असा प्रश्न अनेक जण विचारतात. कायदा थांबत नाही हे खरे. परंतु पाच वर्षांच्या मुदतीमागचा विचार लक्षात घ्यावा. सनदेच्याच कलम ४ नुसार कोणत्याही विधिमंडळाचा कार्यकाळ सामान्यतः पाच वर्षांपेक्षा जास्त असू शकत नाही, म्हणून घोषणेचे नूतनीकरण होण्यापूर्वी मतदारांना एकदा तरी कौल देण्याची संधी मिळते. आपल्या सरकारने नेमका कोणाचा कोणता हक्क मोडला हे मतदाराला अधिकृतपणे कळले नाही, तर तो कौल कशाच्या आधारावर देणार? या कारणासाठी घोषणात्मक निकालाचा अधिकार मला अत्यंत मोलाचा वाटतो. तो लोकप्रतिनिधींच्या हातातून काही काढून घेत नाही, त्यांना फक्त उत्तरदायी ठेवतो.

तिसरी वाट अधिकारविभागणीची. १८६७ च्या कायद्याने केंद्र आणि प्रांत यांचे विषय ठरवून दिले आहेत. प्रांताने केंद्राच्या विषयात कायदा केला, तर कलम ३३ त्याला वाचवू शकत नाही.

लोकांच्या दबावाने एखाद्या सरकारला माघार घ्यावी लागली आहे का?

होय. नोव्हेंबर २०२२ मध्ये ओंटारिओने सुमारे ५५ हजार शालेय कर्मचाऱ्यांवर, म्हणजे सफाई कामगार, वर्गातील मदतनीस, ग्रंथालय कर्मचारी अशा लोकांवर कराराच्या अटी लादणारा कायदा कलम ३३ सह केला. संपावर जाणाऱ्याला दिवसाला ४,००० डॉलरपर्यंत दंड ठेवला होता. सामूहिक सौदेबाजीच्या प्रक्रियेत संप करण्याच्या हक्काला सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये संविधानिक संरक्षण दिलेले असल्याने सरकारला हे कवच हवे होते. कर्मचारी तरीही कामाबाहेर पडले, इतर संघटना त्यांच्या पाठीशी उभ्या राहिल्या आणि सार्वत्रिक संपाची भाषा सुरू झाली. काही दिवसांतच सरकारने कायदा मागे घेतला. अल्बर्टातील शिक्षकांच्या बाबतीत मात्र तसे घडले नाही.

भारताच्या ‘मूलभूत संरचने’सारखा सिद्धान्त कॅनडात आहे का?

नाही. भारतीय वाचकांना कलम ३३ पाहून संविधानाची नववी अनुसूची आठवणे स्वाभाविक आहे. १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीने आलेल्या या अनुसूचीत एखादा कायदा टाकला की मूलभूत हक्कांच्या आधारे त्याला आव्हान देता येत नसे, आणि त्यातील अगदी सुरुवातीच्या कायद्यांत १९४८ चा मुंबई कुळवहिवाट व शेतजमीन कायदा होता. कूळकायद्याने महाराष्ट्रातील असंख्य कुटुंबांना जमीन मिळाली. त्यामुळे न्यायालयांना दूर ठेवण्याची तरतूद नेहमी दुर्बळांच्या विरोधातच असते, असे आपल्याला म्हणता येत नाही.

पुढे २४ एप्रिल १९७३ च्या केशवानंद भारती निकालाने संसदेच्या दुरुस्तीच्या अधिकारालाही मर्यादा घातली: संविधानाची मूलभूत संरचना, म्हणजे त्याचा गाभा, दुरुस्तीनेही मोडता येत नाही. महाराष्ट्राच्या शेतजमीन कमाल धारणा कायद्यावरून उद्भवलेल्या वामनराव प्रकरणात आणि नंतर २००७ च्या कोएल्हो निकालात, त्या तारखेनंतर अनुसूचीत टाकलेले कायदे मूलभूत संरचनेच्या कसोटीवर तपासता येतील, असे ठरले.

कॅनडातील न्यायालयांनी ही दिशा स्वीकारलेली नाही. टोरोंटोच्या नगर परिषदेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये ५ विरुद्ध ४ मतांनी सांगितले की लोकशाहीसारखी अलिखित तत्त्वे संविधानाचा अर्थ लावण्यास मदत करतात, पण केवळ त्यांच्या आधारावर कायदा रद्द करता येत नाही. शिवाय भारतात प्रश्न दुरुस्तीने हक्क हिरावण्याचा होता, तर कलम ३३ हा कॅनडाच्या संविधानाचा मूळचाच भाग आहे. त्यामुळे भारतीय निकाल तेथे जसाच्या तसा लावता येणार नाही. तरीही न्यायालयाचे परीक्षण पूर्णपणे वगळता येते का, हा गाभ्याचा प्रश्न दोन्ही देशांत एकच आहे आणि भारतात त्याचे उत्तर शोधण्यात अर्धे शतक गेले.

मी नागरिक नाही. सनदेचे संरक्षण मला मिळते का?

बहुतांश हक्क मिळतात. धर्म, अभिव्यक्ती, व्यक्तिगत सुरक्षितता, अटकेच्या वेळचे हक्क आणि समानता ही कलमे ‘प्रत्येक व्यक्ती’ला उद्देशून आहेत. आश्रय मागणाऱ्या शीख व्यक्तींच्या ‘सिंग’ प्रकरणात १९८५ मध्ये न्यायमूर्ती बर्था विल्सन यांनी लिहिले की कॅनडाच्या भूमीवर प्रत्यक्ष असलेल्या प्रत्येक माणसाला कलम ७ लागू होते. मतदान आणि देशात येण्याचा व राहण्याचा हक्क मात्र नागरिकांपुरता आहे.

नागरिकत्व नाही म्हणून वकिलीचा परवाना नाकारणे हा समानतेचा भंग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये ‘अँड्र्यूज’ प्रकरणात ठरवले. नवागतांसाठी तो आधारस्तंभ ठरलेला निकाल आहे. पण समानतेचे कलम १५ हे कलम ३३ च्या आवाक्यात येते, हे विसरू नये. नागरिक नसलेल्याला मत नाही, म्हणून त्याच्याविरुद्धचा कायदा मतपेटीतून बदलण्याचा मार्गही त्याच्याकडे नाही. कलम ३३ च्या वाढत्या वापराची झळ ज्यांना सर्वांत आधी लागू शकते असा हा वर्ग आहे.

एका प्रांतातील कायदा जाचक वाटला तर दुसऱ्या प्रांतात जाता येईल का?

नागरिक आणि कायम रहिवासी या दोघांनाही कोणत्याही प्रांतात जाऊन राहण्याचा व उपजीविका करण्याचा हक्क कलम ६ देते आणि तो कलम ३३ ने काढता येत नाही. शिक्षण परवान्यावर किंवा तात्पुरत्या काम परवान्यावर असलेल्यांना हे संरक्षण नाही.

व्हिसा किंवा परवाना नाकारल्यास न्यायालयात दाद मागता येते का? तेथेही कलम ३३ आडवे येते का?

तेथे कलम ३३ चा संबंध येत नाही. केंद्राने आजवर ते एकदाही वापरलेले नाही. अशा निर्णयांविरुद्ध फेडरल न्यायालयात न्यायिक पुनर्विलोकनाचा अर्ज करावा लागतो. निर्णय कॅनडात दिला गेला असेल तर तो कळल्यापासून १५ दिवसांत आणि कॅनडाबाहेर दिला गेला असेल, उदाहरणार्थ भारतातील कार्यालयात, तर ६० दिवसांत. आधी न्यायालयाची परवानगी मिळवावी लागते आणि ती सर्वांना मिळत नाही.

न्यायालय काय तपासते हे डिसेंबर २०१९ च्या ‘वाव्हिलोव्ह’ निकालाने ठरवले. टोरोंटोत जन्मलेल्या अलेक्झांडर वाव्हिलोव्ह यांचे आईवडील खोट्या नावांनी राहणारे रशियन गुप्तहेर निघाले आणि अधिकाऱ्यांनी मुलाचे नागरिकत्व रद्द केले. परकीय सरकारच्या नोकरांच्या मुलांना जन्माने नागरिकत्व मिळत नाही, हा अपवाद राजनैतिक संरक्षण असलेल्यांपुरताच आहे, असे सांगून सर्वोच्च न्यायालयाने त्यांचे नागरिकत्व कायम ठेवले. त्या निकालाने प्रशासकीय कायद्याची चौकट नव्याने आखली. सामान्यतः न्यायालय स्वतःचे मत अधिकाऱ्यावर लादत नाही, निर्णय वाजवी आहे का एवढेच पाहते. परंतु वाजवी ठरण्यासाठी कारणे तर्कशुद्ध, पारदर्शक आणि त्या व्यक्तीने मांडलेल्या मुद्द्यांना उत्तर देणारी असावी लागतात, आणि परिणाम जितका गंभीर तितकी कारणांची जबाबदारी मोठी असते. म्हणून अर्ज करतानाच आपले मुद्दे व पुरावे लेखी आणि स्पष्ट मांडावेत, कारण पुनर्विलोकनात नवे पुरावे सहसा स्वीकारले जात नाहीत.

परदेशात जन्मलेल्या मुलांच्या नागरिकत्वाचा नियम बदलला आहे का?

बदलला आहे, आणि परदेशस्थ मराठी कुटुंबांना त्याचा थेट उपयोग आहे. २००९ पासून वंशपरंपरेने मिळणारे नागरिकत्व परदेशात जन्मलेल्या पहिल्या पिढीपुरते मर्यादित होते. समजा, ब्रॅम्प्टनमध्ये स्थायिक होऊन नागरिक झालेल्या दांपत्याला पुण्यातील मुक्कामात मुलगी झाली. ती नागरिक ठरे. पण कॅनडात वाढलेल्या त्या मुलीला पुढे सिंगापूरला नोकरी करताना मूल झाले, तर ते मूल नागरिक होत नसे. १९ डिसेंबर २०२३ रोजी ओंटारिओच्या वरिष्ठ न्यायालयाने हा नियम कलम ६ आणि कलम १५ यांचा भंग करतो, असा निकाल दिला. केंद्राने अपील केले नाही, पण संसदेला नवा कायदा करण्यासाठी न्यायालयाकडून अनेकदा मुदत वाढवून घ्यावी लागली.

नवा कायदा १५ डिसेंबर २०२५ पासून लागू झाला. त्यापूर्वी जन्मलेल्या आणि केवळ या मर्यादेमुळे वगळल्या गेलेल्या व्यक्ती सामान्यतः आपोआप नागरिक ठरतात, त्यांनी पुराव्याच्या प्रमाणपत्रासाठी अर्ज करावा. त्या तारखेपासून पुढे जन्मलेल्या मुलांच्या बाबतीत, परदेशात जन्मलेल्या कॅनेडियन पालकाने मुलाच्या जन्मापूर्वी कॅनडात एकूण १,०९५ दिवस प्रत्यक्ष वास्तव्य केल्याचे दाखवावे लागते. शाळेचे दाखले, भाडेकरार, करविवरणे आणि पासपोर्टवरील शिक्के ज्यांच्याकडे आहेत त्यांनी ते आताच जपून ठेवावेत.

केंद्र सरकार भविष्यात कलम ३३ वापरेल का?

कायद्याने तशी मुभा आहे आणि राजकीय मागणीही आहे. एकाहून अधिक खुनांसाठी पॅरोलविना कारावासाच्या मुदती एकापुढे एक जोडण्याची तरतूद सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये एकमताने रद्द केली होती. ती परत आणण्यासाठी कलम ३३ वापरू, असे कन्झर्व्हेटिव्ह नेते पिअर पॉलिएव्ह यांनी एप्रिल २०२५ च्या निवडणुकीत जाहीर केले होते. फौजदारी कायदा हा केंद्राचा विषय असल्यामुळे असा वापर झालाच, तर तो आरोपींच्या हक्कांपासून सुरू होण्याची शक्यता जास्त दिसते. आरोपींच्या बाजूने बोलणारे लोक कोणत्याही देशात थोडेच असतात, म्हणून तेथे पहिले पाऊल टाकणे राजकीयदृष्ट्या सोपे आणि संविधानाच्या दृष्टीने सर्वांत धोक्याचे आहे.

कलम ३३ संविधानातून काढून टाकता येईल का?

त्यासाठी संसदेच्या संमतीबरोबर किमान सात प्रांतांची संमती आणि त्या प्रांतांत मिळून देशाची निदान ५० टक्के लोकसंख्या असणे आवश्यक आहे. १९९० मध्ये मीच लेक करार आणि १९९२ मध्ये शार्लटटाउन करार फसल्यापासून मोठ्या घटनादुरुस्तीला हात घालण्याचे धाडस कोणत्याही सरकारने केलेले नाही. ज्यांच्या हातात हा अधिकार आहे त्या प्रांतांनीच तो सोडण्यास संमती द्यायची असल्याने नजीकच्या काळात तसे होण्याची चिन्हे नाहीत. एखाद्या प्रांताला मात्र स्वतःच्या कायद्याने आपल्यावर बंधन घालून घेता येईल, उदाहरणार्थ न्यायालयाच्या निकालापूर्वी घोषणा करणार नाही किंवा घोषणेपूर्वी जाहीर सुनावणी घेईल असे. पुढचे विधिमंडळ तो कायदा बदलू शकेल, पण तसे करताना त्याला सभागृहात उभे राहून कारण सांगावे लागेल.